संक्रांत घरच्या घरी: तिळाचे लाडू, हुलग्याचं माडगं आणि हलव्याचे दागिने

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि स्वयंपाकघरात उभं राहून करणार असाल तर फोन जवळ ठेवा.)



थंडी पडलीय. सकाळच्या पुण्याच्या गाडीला दौंड स्टेशनवर जी गर्दी असते ना, ती सगळी सध्या कानटोपीत दिसतेय. रांजणगावच्या पहिल्या शिफ्टला जाणारी मंडळी तर बसची वाट बघत हात चोळत उभी असतात. म्हणजे काय? संक्रांत आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: माझं माहेर दौंड आणि सासर शिरूर तालुक्यात. त्यामुळं आज बोलणार आहे ते या दोन तालुक्यांतल्या घरांतलं. पण तुम्ही पिंपरीत फ्लॅटमध्ये असा नाहीतर हैदराबादला पीजीमध्ये, यातलं निम्मं तरी तुम्हाला करता येईल.

आज काय काय आहे ते आधीच सांगते. गूळ कसा घ्यायचा, लाडू कसा चुकतो आणि कसा जमतो, एक गरम पेय जे आपल्या आज्ज्या करायच्या आणि आपण विसरलो, मुलांना घेऊन करायच्या दोन-तीन गोष्टी, आणि शेवटी एक विषय जो रेसिपीचा नाही. तो ऐकल्याशिवाय बंद करू नका, एवढी विनंती.

तीन दिवसांचा सण

संक्रांत एका दिवसाची नसते. आदल्या दिवशी भोगी, मग संक्रांत, दुसऱ्या दिवशी किंक्रांत. आणि हळदीकुंकू तर थेट रथसप्तमीपर्यंत चालतं. तारीख बहुतेक वेळा १४ जानेवारी, अधूनमधून १५.

हा सण आपल्या शेतातून आलाय, हे ताट बघितलं तरी कळतं. भोगीला बाजरीची भाकरी, वरून तीळ थापलेले. सोबत लेकुरवाळी भाजी, म्हणजे वांगं, गाजर, पावटा, घेवडा, ओले हरभरे, शेंगदाणे, जे जे या दिवसांत रानात आहे ते सगळं एकत्र. त्यावर तिळाचा कूट. शेजारी मुगाच्या डाळीची खिचडी आणि लोण्याचा गोळा. ही भाजी वेगळी शिकायची गरज नाही. फक्त एकच लक्षात ठेवा: वांगं आणि गाजर लगेच शिजतात, पावटा-हरभरा वेळ घेतात. म्हणून शेंगांमधले दाणे आधी, वांगं सगळ्यात शेवटी. नाहीतर वांग्याचा लगदा आणि हरभरा कच्चा.

मग संक्रांतीला सुगडं पुजायची. सुगड म्हणजे मातीचं छोटं बोळकं. त्यात उसाचं पेर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची ओंबी, गाजर, बोरं, तीळगूळ.

इथं मला एक गोष्ट सांगायचीच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं उत्खनन केलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं तिथं. मातीची घरं, धान्याच्या कणग्या, भांडी भाजायची भट्टी, पाण्याचा पाटसुद्धा. आणि जळालेले दाणे तपासल्यावर कळलं की ही माणसं जव, गहू, मसूर, कुळीथ, वाल पिकवत होती आणि बोरं खात होती. आता तुमच्या सुगडात बघा. मातीचं बोळकं, त्यात गहू आणि बोरं. त्यांनी संक्रांत केली असं मी म्हणत नाहीये हं! पण याच नदीकाठी, याच मातीची भांडी करून, यातलंच बरंचसं माणसं इतकी वर्षं खात आलीत. सुगडं ऑनलाइन मागवण्याआधी गावातल्या कुंभारआळीत एक चक्कर मारा, एवढंच सांगायचं होतं.

गूळ: आपल्या दारातला

दौंड तालुक्यात मुळा-मुठेचं पाणी, खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी आणि पलीकडं भीमा. त्यामुळं ऊस. पाटसला भीमा कारखाना, इकडं शिरूरमध्ये न्हावऱ्याला घोडगंगा. पण कारखान्यांच्या बरोबरीनं केडगाव, राहू, पारगाव या पट्ट्यात गुऱ्हाळंही आहेत. रात्री त्या रस्त्यानं गेलात तर चिमणीचा धूर दिसायच्या आधी वास येतो.

गूळ होतो कसा, पटकन सांगते. उसाचा रस मोठ्या काहिलीत ओततात. खाली चुलाणात जळण म्हणून त्याच उसाची वाळलेली चिपाडं. रस तापला की वर मळी येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मळी नीट सुटावी म्हणून रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, थोडा चुना घालतात. आटत आटत साधारण १०५-१०६ अंशांवर काकवी मिळते. तसंच पुढं नेलं की ११८ अंशांच्या आसपास गूळ तयार. एक टन उसातून साधारण १०० ते ११० किलो गूळ निघतो.

पण काहिलीजवळ थर्मामीटर घेऊन कोणी बसलेलं नसतं. तिथं असतो गुळव्या. तो काय करतो? पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी करून बघतो. ही परीक्षा लक्षात ठेवा. थोड्या वेळानं आपल्याला आपल्या कढईत हेच करायचंय.

आता खरेदी. गूळ जितका पिवळाधमक, तितका चांगला, असं आपल्याला वाटतं. उलट आहे. रंग उजळावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस नावाची पावडर टाकतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाईट. मळी नीट काढलेला, पावडर न टाकलेला गूळ तपकिरीकडं झुकणारा असतो. चाखून बघा. खारट लागला तर नको. थोडा पाण्यात विरघळवून ठेवा, तळाशी पांढरा गाळ बसला तरी नको. आणि शक्य असेल तर एकदा गुऱ्हाळावरच जा. काहील समोर दिसते, विचारता येतं, आणि गरम काकवी चाखायला मिळते ते वेगळंच!

गुळाचे दोन प्रकार घरी हवेत. लाडू-चिक्कीला चिक्कीचा गूळ आणि पोळीला साधा गूळ. याची अदलाबदल झाली की लाडू सुटतात आणि पोळी दगड होते.

तिळाचे लाडू: पाकाचा सगळा खेळ

प्रमाण लिहून घ्या. एक वाटी पॉलिश न केलेले तीळ, पाऊण वाटी चिरलेला चिक्कीचा गूळ, अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचा भरड कूट, एक चमचा तूप, वेलची. भाजलेलं डाळं आवडत असेल तर दोन चमचे.

तीळ मंद आचेवर भाजा. ते तडतडायला लागले, बोटांत चुरल्यावर खमंग वास आला, की लगेच ताटात काढा. कढईत ठेवलेत तर गरम कढईतच करपतात आणि कडू होतात. एक कडवट दाणा अख्खा लाडू बिघडवतो.

मग तूप, त्यात गूळ. पाणी घालायचं असेल तर एखादा चमचाच. गूळ विरघळला, फेस आला, की गुळव्याची परीक्षा. वाटीत गार पाणी, त्यात एक थेंब.

पसरला? अजून वेळ आहे.
मऊ गोळी झाली? लाडूचा पाक तयार. गॅस बंद.
गोळी वाटीवर आपटल्यावर टण् वाजली? तो चिक्कीचा पाक. लाडू केलेत तर आजोबांची कवळी जाईल.

गॅस बंद करून तीळ, कूट, वेलची एकदम घाला, ढवळा आणि लगेच वळायला घ्या. हाताला तूप किंवा पाणी. इथं घरातली सगळी माणसं लागतात, कारण मिश्रण पाच मिनिटांत गार होतं. एक जण ढवळतोय, दोघं वळतायत, एक जण मोजतोय. कडक झालं तर घाबरू नका, कढई पुन्हा मंद आचेवर अर्धा मिनिट ठेवा, सैल होतं. लहान मुलांना गरम पाकाजवळ आणू नका. तो तेलापेक्षा वाईट भाजतो, कारण चिकटून बसतो. त्यांना कूट करायला बसवा.

ज्यांच्या घरी दातांचा प्रश्न आहे त्यांनी मऊ वडी करा. साधा गूळ फक्त विरघळेपर्यंत गरम करायचा, पाक करायचाच नाही. त्यात तिळाचा आणि दाण्यांचा बारीक कूट घालून थापायचं.

तीळ का, तर थंडीत तेलकट, ऊब देणारं हवं म्हणून. तिळात जवळपास निम्मं तेल असतं. आणि पॉलिश न केलेल्या १०० ग्रॅम तिळात साधारण ९७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणून मघाशी म्हटलं, पॉलिशवाले पांढरेशुभ्र तीळ नकोत.

गूळपोळीबद्दल एवढंच: किसलेला साधा गूळ, तेलावर खमंग भाजलेलं थोडं बेसन, तिळाचा कूट, खसखस, जायफळ. सारण मळून अगदी मऊ, गुठळी नको. कणीक घट्ट आणि त्यात कडकडीत तेलाचं मोहन. सारण आणि कणीक दोन्ही सारखीच मऊ असली की पोळी फुटत नाही. लाटताना कडेपर्यंत गूळ गेला पाहिजे. आमच्याकडं सासूबाई पोळी हातात घेऊन आधी कड मोडून बघतात, मग चव.

प्यायला काय? हुलग्याचं माडगं

संक्रांतीचं पेय म्हटलं की उसाचा रस. तो रसवंतीवरच प्या, आलं-लिंबू घालून. मिक्सरमध्ये उसाचे तुकडे घालून रस काढायची रील मी पण बघितलीय. मिक्सरचं पातं गेलं की हजार-दीड हजाराला पडेल तो ग्लास.

घरी करायचं ते माडगं. हुलगे म्हणजे कुळीथ. हो, तोच, इनामगावात सापडलेला. थंडीत सर्दी-खोकला झाला की आजी पेलाभर करून द्यायची.

हुलगे मंद आचेवर भाजायचे आणि गिरणीतून किंवा मिक्सरमधून पीठ करून ठेवायचं. महिनाभर टिकतं. दोन माणसांसाठी दोन मोठे चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. गुठळी राहू देऊ नका. दुसरीकडं दोन वाट्या पाणी उकळत ठेवा, त्यात चवीपुरता गूळ, चिमूटभर सुंठ, किंचित मीठ. उकळी आली की कालवलेलं पीठ ओता आणि ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत दाटसर होतं. वरून वेलची, भाजलेले तीळ. दूध घालायचं असेल तर गॅस बंद करून, थोडं कोमट झाल्यावर.

दूध शेवटी का? कारण गूळ आणि दूध एकत्र उकळलं की दूध फाटू शकतं. गुळाच्या चहाचं पण हेच. चहा उकळून दूध घालून झालं, गॅस बंद केला, मग गूळ. पुन्हा उकळायचा नाही. "माझा गुळाचा चहा फाटतो" असे तुमचे इतके मेसेज आले होते, त्या सगळ्यांना हे उत्तर.

कपात ओता, लाडू सोबत घ्या. जमलं तर शेतात हुरडाही भाजा. गूळभेंडी ज्वारीचा कोवळा हुरडा, तिळाची चटणी आणि गूळ. मोराच्या चिंचोलीला पुण्याहून लोक गाड्या घेऊन येतात त्यासाठी. आपल्याकडं बांधावर फुकट आहे.

हातानं करायचं: काटेरी हलवा आणि दागिने

आता माझा आवडता भाग. घाई असेल तर हा करू नका, कारण हलव्याला तीन-चार दिवस लागतात. पण एकूण काम रोज अर्ध्या-पाऊण तासाचं.

एक वाटी साखर, ती बुडेल एवढं पाणी. उकळी आली की दोन चमचे दूध घाला, वर मळी येईल ती काढा, गाळा. एकतारी पाक पाहिजे, जास्त घट्ट नको. दाणे म्हणून साबुदाणा, तीळ, खसखस, कलिंगडाचा मगज, काहीही घ्या. वेगवेगळ्या दाण्यांचे वेगवेगळ्या आकाराचे मणी होतात. साबुदाण्याचा गोल, मगजाचा पाकळीसारखा.

परात अगदी मंद आचेवर ठेवा. त्यात मूठभर दाणे. वर एक चमचा पाक. आणि आता बोटांच्या टोकांनी हलकं हलकं फिरवत राहा. कोरडं झालं की पुढचा चमचा. कोरडं व्हायच्या आधी दुसरा घातला तर गोळा. आच वाढवली तर पिवळा. हात जोरात फिरवला तर काटे मोडले. पहिल्या दिवशी काहीच झाल्यासारखं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी दाणा फुगलेला दिसतो. तिसऱ्या दिवशी काटा येतो. रात्री कापडाखाली झाकून ठेवा. हवा कोरडी आणि गार असेल तरच काटा चांगला येतो, म्हणून हा पदार्थ जानेवारीचाच.

दागिन्यांसाठी जाड पुठ्ठा, सोनेरी कागद, जर, सुईदोरा आणि काळं कापड. पुठ्ठ्यावर आकार काढा, सोनेरी कागद चिकटवा, वर हलव्याचे दाणे गोंदानं लावा किंवा ओवा. मंगळसूत्र, हार, बांगड्या, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा. जावयाला हार आणि नारळ. बाळाला मुकुट आणि बासरी. काळ्या साडीवर पांढरा हलवा असा उठून दिसतो की सोनं विसराल. एक सूचना: गोंद लावलेला हलवा खायचा नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा. खायचा वेगळा ठेवा.

घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर बोरन्हाण. बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हलवा, गोळ्या ओतायच्या. आजूबाजूची पोरं तुटून पडतात वेचायला. त्या निमित्तानं बोर-ऊस पोटात जातो. अगदी लहान बाळाजवळ बोरं आणि शेंगदाणे राहू देऊ नका, घशात अडकतात.

मोठ्या मुलांना पतंग. जुना पेपर ४० सेंटीमीटर चौरस कापा, खराट्याची एक सरळ काडी मध्ये, दुसरी वाकवून कमान, कण्णी बांधा, खाली कापडाची शेपटी. दोरा साधा सुती. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातलीय, तरी तो मिळतो. दुचाकीवाल्याचा गळा आणि पाखरांचे पंख कापतो तो. कोणी लपवून विकत असेल तर घेऊ नका, आणि घरातल्या भावालाही घेऊ देऊ नका.

आता तो विषय

हलव्याचे दागिने मला शिकवले माझ्या आत्यानं. दौंडात आमच्या आळीत तिच्यासारखे दागिने कोणाला जमत नाहीत. डिसेंबर लागला की तिच्याकडं ऑर्डरी येतात. कोणाच्या सुनेची पहिली संक्रांत, कोणाच्या नातवाचं बोरन्हाण. ती दागिने करते, खोक्यात कापूस घालून ठेवते, दारात येऊन नेतात. ज्या घरी ते दागिने घातले जातात, तिथल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसतं. कारण आत्या एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. आता ती बावन्न वर्षांची आहे. म्हणजे एकवीस संक्रांती.

यात कोणी वाईट वागतं असं नाही. तेच लोक तिला लग्नाला बोलावतात, आजारी पडली की डबा देतात. पण त्या एका संध्याकाळी ती घरात असते आणि शेजारच्या घरात तिच्या दागिन्यांचे फोटो काढणं चालू असतं.

गेल्या वर्षी माझी पहिली संक्रांत होती. माझे दागिने अर्थातच आत्यानं केले. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, आत्याला बोलवूया, तीच घालेल मला दागिने." त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मला काही नाही गं. पण बायका काय म्हणतील?" दोन दिवस घरात हा विषय निघाला नाही. आत्याला मी फोन केला तर ती पण नाहीच म्हणाली. "तुझं सासर नवीन आहे, कशाला वाकडेपणा?"

शेवटी सासूबाईंनीच तिला फोन केला. काय म्हणाल्या माहितीये? "अहो ताई, ती नथ कशी अडकवायची ते मला समजत नाहीये, दाणे गळतायत. तुम्ही याच." आता ती नथ एवढी अवघड नव्हती.

आत्या दुपारच्या बसनं आली. दागिने तिनं घातले. संध्याकाळी बायका आल्या तेव्हा ती आत जायला उठली, तर सासूबाईंनी हाताला धरून सतरंजीवर बसवलं. कुंकवाचं ताट तिच्यापुढं आलं तेव्हा आत्या म्हणाली, "कुंकवाचं राहू दे. वाण द्या, तीळगूळ द्या. मला बसून घ्यायचंय, दारात उभी राहून नको." तिला तसंच दिलं. दोन बायका वाण न घेता उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. एकीनं तिथंच पुढच्या वर्षीच्या दागिन्यांची ऑर्डर दिली.

त्या दोघी नंतर आमच्याकडं आल्या नाहीत, हेही सांगते. सासूबाईंना ते लागलं. तीस वर्षांचा शेजार आहे. म्हणजे याची किंमत पडते, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या मोठ्या बाईला पडते. आपण कॉलेजात बोलून मोकळे होतो.

हा प्रश्न आपल्या घरापुरता नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असं करायला सांगितलं. आणि दौंडकरांनो, आपल्याला तर लांब जायचीही गरज नाही. पंडिता रमाबाई स्वतः विधवा होत्या. विधवा आणि निराधार मुलींसाठी त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढं पुण्याला आलं, आणि मग केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. ज्यांना घरात जागा नव्हती अशा बायका तिथं शिकल्या, छपाई, विणकाम, शेती करू लागल्या. रमाबाई १९२२ मध्ये केडगावलाच गेल्या. त्या गावाच्या गुळाचे लाडू आपण खातो. तर निदान त्या लाडवाच्या ताटासमोर कोणी बसायचं नाही, ही यादी तरी आपण फाडूया.

यंदा आम्ही काय करतोय ते सांगते, तुम्हाला उपयोग होईल म्हणून. बोलावणं "तीळगुळाला या" असं देतोय, आणि प्रत्येकीला नाव घेऊन, फोन करून. व्हॉट्सॲप ग्रुपवर "सर्वांनी यावे" टाकलं की जिला वगळायची सवय आहे तिला ते आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. तीळगूळ आणि वाण सगळ्यांना सारखंच. हळदीकुंकू जिला हवं तिला, नको तिला आग्रह नाही. जिनं वीस वर्षं लावलं नाही तिच्या कपाळाला फोटोसाठी हात लावायचा नाही. तिचं तिला ठरवू द्या. आणि घरातल्या मोठ्या बाईशी आधी बोला, तिला सगळ्यांसमोर कोंडीत पकडू नका.

वाण म्हणून यंदा काकवीची छोटी बाटली देतोय. डब्या सगळ्यांकडं ढीगभर झाल्यात.

आणखी एक घर. ऊस तोडायला बीडकडून, अहिल्यानगरकडून टोळ्या आलेल्या आहेत. तुमच्या गावाबाहेर कोप्या दिसत असतील. दिवाळीपासून ती माणसं घराबाहेर आहेत, संक्रांतही इथंच, उघड्यावर. ज्या उसाचा गूळ आपण आणला तो त्यांनी तोडलाय. पहाटेच ती फडात जातात, म्हणून संध्याकाळी उशिरा जा. लाडवांचा एक डबा आणि मुलांसाठी चार कागदी पतंग. फोटो काढू नका.

थोडक्यात यादी

चार दिवस आधी: गूळ आणा, हुलगे भाजून दळा, हलवा सुरू करा.
दोन दिवस आधी: सुगडं आणा, दागिन्यांचे पुठ्ठे कापा, फोन करून बोलावणी द्या.
भोगी: भाजी, तिळाची भाकरी, रात्री सगळे मिळून लाडू.
संक्रांत: सुगडं, गूळपोळी, संध्याकाळी तीळगूळ आणि माडगं.
किंक्रांत: उरलेला तीळगूळ वाटा आणि आराम करा.

लाडू टणक झाले, माडग्यात गुठळ्या झाल्या, काटा आला नाही, काहीही असलं तरी मेसेज करा. आणि कोणाला बोलावलंत, घरी काय झालं, तेही कळवा. तुम्ही हो म्हणालात तरच नाव न घेता पुढच्या भागात वाचून दाखवेन.

तीळगूळ घ्या, गोड बोला. भेटूया पुढच्या आठवड्यात!